ओढ्याची उजवी बाजू

संग्रहालयात बोळेबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. त्या जुनी चित्रं साफ करायच्या. हे काम फडक्यानं होत नाही. बारीक काडीला चिमूटभर कापूस गुंडाळायचा, तो बोळा औषधात बुडवून निथळायचा आणि चित्रावर नखाएवढ्या जागेत हलक्या हातानं गोल गोल फिरवायचा. बोळा तपकिरी झाला की टाकायचा, नवा करायचा. एका सकाळी साठ-सत्तर बोळे सहज होत. एकतीस वर्षं हेच केल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

तपकिरी काय निघतं तेही सांगायला हवं. चित्र पुरं झालं की चित्रकार त्यावर वार्निशचा हात देतो, म्हणजे रंग जपले जातात. नवं असताना हे वार्निश काचेसारखं असतं. मग शंभर-सव्वाशे वर्षं त्यावर धूर बसतो, धूळ बसते, बघणाऱ्यांचे उसासे बसतात, आणि ते आधी फिक्या आणि मग कडक चहाच्या रंगाचं होतं. खालचं चित्र असतं तसंच असतं. आपण ते चहातून बघत असतो. माणसाची गंमत अशी, की एकदा सवय झाली की त्याला चहाच चित्र वाटायला लागतो.

सोळा नंबरच्या दालनातला ‘डोंगरातला ओढा’ असाच चहात बुडालेला होता. तीन हात रुंद, दोन हात उंच. मधून पाणी, काठाला दगड, मागं डोंगराचा उतार. संपलं. पाणी भरणारी सुंदरी नाही, बासरीवाला नाही, वादळ नाही की इंद्रधनुष्य नाही. चित्रकार वास्तववादी होता. जे दिसलं तेच काढायचं, अशी त्यानं शपथच घेतली होती. ह्या माणसाला कल्पनाशक्ती अजिबात नाही असं त्याच्या काळचे टीकाकार म्हणत, आणि तो ती शाबासकी समजून घरी जात असे. चित्राच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : ‘ओढा, सकाळी नऊ वाजता. एकोणीस सकाळी बसलो.’

ह्या ओढ्याच्या सफाईचा हुकूम निघाला तेव्हा बोळेबाईंना बरं वाटलं होतं. कागदावर एकच ओळ होती : सदर चित्र स्वच्छ करावे. त्यांनी चित्राचे मनातल्या मनात तळहाताएवढे तुकडे पाडले आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. तीन महिन्यांत डावा अर्धा भाग झाला. चहाखालून पांढरंशुभ्र आभाळ निघालं, निळसर दगड निघाले, पाण्याच्या तळाचे खडे मोजता येतील इतके स्वच्छ निघाले. मधोमध सरळ उभी रेघ पडली : अलीकडे सकाळ, पलीकडे चहा. नियमाप्रमाणे त्यांनी त्या अर्धवट अवस्थेचा फोटो काढला, मागं ‘काम अर्धे झाल्यावर’ असं लिहिलं, आणि तो फायलीत लावला.

त्याच आठवड्यात कोणी बडे पाहुणे येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी संग्रहालयाच्या पायऱ्यांना इतकं पॉलिश केलं, की त्यांत पाहुण्यांना स्वतःचा चेहरा दिसला असता. पाहुणे आलेच नाहीत. बोळेबाई मात्र रोजच्याप्रमाणे वेळेवर आल्या आणि तिसऱ्या पायरीवरून सरळ तळाला गेल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. पाच महिने बोळा दूरच राहिला, त्यांना वेणीही बहिणीकडून घालून घ्यावी लागली.

ह्या पाच महिन्यांत संग्रहालयानं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. प्रदर्शन म्हटलं की पुस्तक आलं, पुस्तक म्हटलं की समीक्षक आले. हे समीक्षक फार मोठे होते. इतके मोठे, की चित्रं बघायला येण्याएवढा वेळ त्यांच्याकडे नसे. त्यांनी फोटो मागवले. कचेरीतल्या हेडक्लार्कनी प्रत्येक फायलीतल्या सगळ्यांत वरच्या फोटोची नक्कल काढून धाडून दिली. पुढची बाजू गेली. पाठ कोण पाठवतं?

समीक्षकांनी त्या एका फोटोवर चाळीस पानं लिहिली. चित्रकारानं म्हणे एकाच चौकटीत दोन प्रहर मांडले होते : डावीकडे कोवळी सकाळ, उजवीकडे गूढ संध्याकाळ. मधल्या रेघेला त्यांनी ‘काळरेषा’ असं नाव दिलं. सकाळ इतक्या धारदारपणे संध्याकाळीत बदलते, ह्यात आधुनिक माणसाची सगळी व्यथा आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. पुस्तक गाजलं, त्याला पारितोषिक मिळालं. चित्राखालची ‘डोंगरातला ओढा’ ही पाटी काढून ‘दोन प्रहर’ अशी नवी पाटी आली. मधोमध रेघ असलेले कप विक्रीला आले. शाळांसाठी चित्रकला स्पर्धा झाली. ज्या मुलांनी कागदाच्या मध्यावर पट्टीनं रेघ मारून उजवी बाजू तपकिरी केली त्यांना बक्षिसं मिळाली. एका मुलीनं नुसताच स्वच्छ ओढा काढला होता, तिला परीक्षकांनी समजावून सांगितलं की बाळ, चित्र नीट बघून काढावं.

पाच महिन्यांनी बोळेबाई रुजू झाल्या आणि कापसाची पिशवी घेऊन सोळा नंबरात गेल्या, तर चित्रासमोर ही गर्दी. दालनाचे पहारेकरी मामा खुर्चीत बसून लोकांना दोरीच्या मागं सरायला सांगत होते. सगळं संग्रहालय त्यांना मामाच म्हणायचं. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सगळी हकीगत सांगितली. बोळेबाईंना आधी हसू आलं. मग चित्रासमोर एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसताना दिसले, त्यांची नजर उजव्या बाजूच्या काजळीवर खिळलेली होती, आणि बाईंचं हसू आपोआप ओसरलं.

त्या संचालकांकडे गेल्या. संचालक गोड माणूस होता. नाही म्हणतानासुद्धा समोरच्याला आधी बसायला सांगायचा. त्यांनी चहा मागवला, मनगटाची चौकशी केली.

“हात आता बरा आहे ना, बाई? मग तेवढा त्या चित्राला लावू नका.”

बोळेबाईंनी सांगितलं की काम अर्धं राहिलंय. संचालक म्हणाले की अर्धं वगैरे काही नाही, लोकांना पूर्ण समाधान मिळतंय. बोळेबाईंनी सांगितलं की उजवीकडे जी संध्याकाळ आहे ती बोळ्याला लागून निघते. संचालकांनी दार लोटून घेतलं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते एवढंच म्हणाले. तेव्हा बोळेबाईंनी शांतपणे विचारलं की चित्र साफ करायचा हुकूम माझ्याकडे लेखी आहे, थांबवायचाही लेखी द्याल का? संचालक म्हणाले, अवश्य, उद्याच.

उद्या उजाडला, परवा उजाडला. अडचण अशी होती की हुकूम लिहायचा कसा? संचालकांनी पहिला मसुदा केला : चित्राची उजवी बाजू साफ करू नये. हेडक्लार्कनी चष्मा वर करून विचारलं, म्हणजे उजवी बाजू मळकी आहे असं आपण कळवतोय का? मसुदा फाटला. दुसरा केला : चित्र आहे त्या स्थितीत ठेवावे. हेडक्लार्क म्हणाले, स्थितीचं वर्णन करायचा रकाना आहे साहेब, तो कोरा ठेवता येत नाही, काय भरू? तिसऱ्या मसुद्यात ‘संध्याकाळ’ हा शब्द आला, तेव्हा हेडक्लार्कनी पाठीवरच्या पेन्सिलीच्या ओळीची नक्कल पुढं ठेवली : सकाळी नऊ वाजता. संचालकांनी कपाळाला हात लावला. पाचव्या मसुद्यानंतर तो विषयच त्या कचेरीत निघेनासा झाला. तेव्हा पहिला हुकूम जिवंत राहिला, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत तो मोडायला सही करणारा एकही हात मिळेना.

मधल्या काळात बोळेबाईंनी समीक्षकांनाही पत्र लिहिलं. वार्निश म्हणजे काय, ते कसं काळवंडतं, फोटो कधी काढला, पाठीवर काय लिहिलंय, सगळं सविस्तर, जसं त्या शाळेच्या सहलींना सांगत तसं. उत्तर आलं, तेही सुंदर अक्षरात. ‘आपण ज्याला मळ म्हणता, त्याला मी अर्थ म्हणतो,’ असं समीक्षकांनी लिहिलं होतं. पाठीवरच्या ओळीबद्दल पुढं होतं, ‘आपण काय काढलं हे चित्रकाराला कळत असतं, तर आमची गरजच काय?’ आणि शेवटी, आपल्या मनगटाला आराम पडो, अशी प्रेमळ सदिच्छा.

हे पत्र बोळेबाईंना मनगटापेक्षा जास्त दुखलं. घरी धाकट्या बहिणीला त्यांनी ते वाचून दाखवलं. दोघी बहिणी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या. धाकटी शाळेत गणित शिकवायची आणि जीभही गणितासारखीच वापरायची, उत्तराखाली दोन रेघा मारून.

“ताई, अर्धं सोडवलेलं गणित मी पोरांकडून घेत नाही,” ती म्हणाली. “तू का देतेस?”

बोळेबाईंनी बोटांवर हिशेब केला. निवृत्तीला अकरा महिने होते. त्यांच्यानंतर ही जागा भरायची नाही असं ठरलेलं होतं, म्हणजे आज राहिलेलं कायमचं राहिलं. इतकी वर्षं त्यांच्या हातून गेलेलं एकही चित्र अर्धवट नव्हतं. आणि जे एक राहणार होतं, त्याच्या अर्धवटपणाचंच सगळं गाव कौतुक करत होतं. संग्रहालय सोमवारी बंद असे. आठवड्याचे इतर दिवस चित्रासमोर गर्दी, तेव्हा हाती येणार ते सोमवार. उजव्या बाजूला तळहाताएवढे तुकडे चव्वेचाळीस. सोमवार सत्तेचाळीस. गणित बसत होतं, आजारी पडायची चैन मात्र करता येणार नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता, खिडक्या उघड्या टाकून, हुकुमाची प्रत स्टुलावर ठेवून, त्यांनी काळरेषेच्या उजव्या काठावर पहिला बोळा फिरवला. लपूनछपून काही नव्हतं. संचालक एकदा दारातून डोकावले, हुकुमाची प्रत बघितली, आणि आपण चुकीच्या दालनात आलोय असा चेहरा करून निघून गेले.

काळरेषा एका जागी तळहातभर सरकली. मंगळवारी दार उघडलं, लोक आले, पाटी वाचली, आणि सगळ्यांना सकाळ आणि संध्याकाळ जिथल्या तिथं दिसली. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. महिन्याभरानं रेघ निम्म्या उंचीपर्यंत चार बोटं उजवीकडे गेली होती, तरी कपावर ती मधोमध होती, पुस्तकात मधोमध होती, तेव्हा भिंतीवरही मधोमधच असणार. माहिती सांगणाऱ्या यंत्राला कान लावून लोक ‘आता उजव्या अर्ध्या भागाकडे पाहा’ असं ऐकत आणि लख्ख पांढऱ्या आभाळाकडे बघून गंभीर होत. मामा म्हणाले, “बाई, तुम्ही अख्खं चित्र उचलून नेलंत आणि पाटी ठेवलीत, तरी चालेल.”

बोळेबाईंना मात्र आठवड्यातून एकदा नवं काहीतरी दिसत होतं. एका सोमवारी काठावरच्या खडकाच्या भेगेत शेवाळ निघालं, ओलं आणि कोरडं अशा दोन हिरव्या रंगांत. एका सोमवारी पाण्याखाली वाकडा दिसणारा दगड निघाला. पाण्यात काठी घातली की ती मोडल्यासारखी दिसते ना, तसा. एकदा दोन झुडपांमधे कोळ्याचं जाळं सापडलं, केसाहून बारीक, आणि त्यावर दवाचे सहा थेंब. हा माणूस एकोणीस सकाळी बसून थेंब मोजत होता, आणि शंभर वर्षांनी लोकांनी त्याला आधुनिक माणसाची व्यथा चिकटवली होती. घरी जाऊन त्या बहिणीला सगळं सांगायच्या. बहीण ऐकायची, आणि किती तुकडे राहिले ते विचारायची.

निवृत्तीच्या आधीचा शेवटचा सोमवार आला. ताप आणि सुट्ट्यांनी तीन सोमवार खाल्ले होते, तेव्हा आता एकच तुकडा शिल्लक होता : उजवीकडचा, अगदी खालचा. आणि त्याच दिवशी अकरा वाजता समीक्षक स्वतः येणार होते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती आणि मुखपृष्ठासाठी त्यांना चित्राचा नवा फोटो काढून घ्यायचा होता. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी ते ह्या चित्रासमोर पाऊण तास बोलले होते, पण श्रोत्यांकडे तोंड करून. चित्राकडे तोंड करायची ही पहिलीच खेप.

बोळेबाई नऊलाच येऊन बसल्या. अकराला तो माणूस इथं उभा राहील आणि त्याची संध्याकाळ तिळाएवढीसुद्धा कुठं नसेल, ह्या विचारानं त्यांना आदल्या रात्री फार छान झोप लागली होती.

पहिला बोळा कडक चहासारखा निघाला. दुसरा फिका. तिसरा पिवळसर. चौथा पांढराच राहिला. बोळेबाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि मग चित्राकडे बघितलं. खालचा तळहातभर तुकडा अजून तपकिरी होता.

त्यांनी पाचवा बोळा फिरवला. पांढरा. सहावा. पांढरा.

मामा जवळ येऊन वाकले. हे वार्निश चांगलंच मुरलेलं दिसतंय, ते म्हणाले, मोठ्या बाटलीतलं घ्या. मोठी बाटली जहाल औषधाची होती. दगडासारखं झालेलं वार्निशही तिच्यापुढं विरघळे. पण ती वार्निश आणि रंग असा भेद करत नसे. बोळेबाईंनी ती पिशवीतून काढून स्टुलावर ठेवली, बूच सैल केलं, आणि आधी भिंग डोळ्याला लावलं.

भिंगातून दिसलं ते असं. तपकिरी थर वर नव्हता, आत होता. ब्रशनं ओल्या रंगात कडी कडी करून फिरवलेला होता, ढवळल्यासारखा, आणि त्या कड्यांच्या वरून निळ्याच्या दोन-तीन बारीक रेघा गेल्या होत्या. वार्निशच्या वरून चित्रकार निळ्या रेघा मारत नाही. शेजारचा तुकडा त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी साफ केला होता. तिथं काठाच्या चिखलात दोन-दोन खाचांचे ठसे होते, आणि तेव्हा त्यांना ते नुसते खळगे वाटले होते. आता कळलं. ते खूर होते. गुरं उतरून पाणी पिऊन गेली होती, आणि त्या जागी पाणी गढूळ झालं होतं. एकोणीस सकाळींतल्या कुठल्यातरी एका सकाळी हे घडलं, आणि कल्पनाशक्ती नसलेल्या त्या माणसानं तेही काढून ठेवलं. स्वच्छ ओढा तसाच ठेवला असता तर चित्र जास्त देखणं झालं असतं. पण गढूळ दिसलं, तर गढूळ.

“काय आहे?” मामांनी विचारलं.

“रंग आहे,” बोळेबाई म्हणाल्या.

मामांनी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, बाई, तळहातभर तर आहे. अकरा महिने राबलात. तो माणूस आला की नेमकं एवढंच धरून बसेल. एक थेंब पुरे, कोण बघतंय?

कोणीच बघत नव्हतं, हे खरं होतं. ह्या चित्राकडे वर्षभर कोणी बघितलं नव्हतं आणि पुढं शंभर वर्षं कोणी बघेल अशी लक्षणं नव्हती. बोळेबाईंना ते सुंदर अक्षरातलं पत्र पाठ होतं. ज्या तपकिरीला त्या हसत आल्या, तिच्यातलीच तळहातभर त्यांनी स्वतःच्या हातानं राखायची, आणि तीही ह्या माणसासाठी. बाटलीचं बूच उघडंच होतं; खोलीभर तिचा झणझणीत वास पसरला होता.

पण सोमवारमागून सोमवार त्यांनी दुसरं काय केलं होतं? कुणी म्हणतो म्हणून असलेलं नसलेलं करायचं नाही, आणि नसलेलं असलेलं करायचं नाही, एवढ्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. समीक्षकांनी न बघता तपकिरी ठेवली होती. न बघता ती पुसली, तर मग दोघांत फरक तो काय? आणि इथं तर त्यांनी बघितलेलं होतं, तेही भिंग लावून.

त्यांनी बूच घट्ट लावलं, बाटली पिशवीत टाकली, आणि वापरलेले बोळे गोळा करायला लागल्या.

अकराला समीक्षक आले. बरोबर संचालक आणि फोटोवाला. संचालकांची नजर आधी चित्रावर गेली आणि त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. अकरा महिने ते ह्या दालनात फिरकले नव्हते; आपण बघितलं नाही तर ते घडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. समीक्षक दोरीजवळ येऊन उभे राहिले. उभे राहिले, आणि बराच वेळ राहिलेच. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं उघडलं, पुन्हा मिटलं.

“हे कोणतं चित्र?” समीक्षकांनी शेवटी विचारलं.

बोळेबाईंनी सांगितलं की हे तेच आहे. संचालक घाईघाईनं म्हणाले की काही किरकोळ देखभाल नियमानुसार झालेली असावी, चौकशी करू. समीक्षकांचं लक्ष नव्हतं. ते डावीकडून उजवीकडे बघत होते, रेघ शोधत. आभाळात नाही, डोंगरावर नाही, दगडांत नाही. चाळीस पानं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गळून पडत होती, आणि क्षणभर तो मोठा माणूस रस्ता चुकलेल्या पोरासारखा दिसला. बोळेबाईंनी ह्या क्षणाची वर्षभर वाट बघितली होती. तो आला, आणि त्यांना तो वाटला होता तेवढा गोड लागला नाही.

मग समीक्षकांची नजर खालच्या कोपऱ्यात पोचली. त्यांनी वाकून तो तपकिरी तळहात बघितला. बोळेबाईंकडे बघितलं. स्वर अगदी जपून वापरला.

“आणि हे? हा पण मळच का?”

मामांनी छताकडे बघितलं. बोळेबाईंनी ‘हो’ म्हटलं असतं, ‘एवढं राहिलंय’ म्हटलं असतं, तर त्या माणसाजवळ त्यावर उत्तर नसतं.

“नाही,” बोळेबाई म्हणाल्या. “हे त्यानं काढलंय.”

“खात्रीनं?”

“खात्रीनं. गुरं पाणी पिऊन गेली आहेत. हे बघा खूर.”

समीक्षकांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. त्यांनी खिशातून वही काढली, ‘गुरं’ असं लिहिलं, खाली रेघ मारली.

“गुरं. म्हणजे जाणारा काळ.”

“म्हणजे गुरं,” बोळेबाई म्हणाल्या.

समीक्षक त्यांच्याकडे बघून हसले, मोठी माणसं हसतात तसं, आणि फोटोवाल्याला म्हणाले की कोपरा नीट येऊ दे. दुसऱ्या आवृत्तीत त्रेपन्न पानं आली. चित्रकारानं संध्याकाळ एका कोपऱ्यात कशी दडवून ठेवली आहे आणि ती फक्त तयारीच्या नजरेलाच कशी सापडते, हे त्यांत सविस्तर होतं. पहिल्या आवृत्तीतली काळरेषा ही ‘एक आवश्यक चूक’ होती असंही होतं. पुस्तक गाजलं. जुने कप कर्मचाऱ्यांना वाटून टाकले. संचालकांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर हसतमुखानं सही केली, कारण आता त्या सहीत काही धोका उरला नव्हता, आणि हेडक्लार्कनी ‘शिल्लक काम’ ह्या रकान्यात ‘नाही’ असं सुवाच्य अक्षरात भरलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी ते तिघे निघून गेल्यावर दालनात बोळेबाई आणि मामाच उरले. मामा तोंड पाडून उभे होते. तुम्ही त्याला आयतंच दिलंत, असं त्यांनी तीनदा बोलून दाखवलं. बोळेबाई बोळे पिशवीत भरत राहिल्या. दिलं होतं ते खरंच होतं.

चौथ्यांदा बोलायला म्हणून मामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ते त्या गढूळ कोपऱ्याकडे बघत होते. मग जरा वर, मग डावीकडे, पाण्याच्या काठाकाठानं, बोटानं हवेतल्या हवेत रस्ता धरत.

“बाई,” ते म्हणाले, “पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय होय? बावीस वर्षं बसतोय इथं. मी आपला उलटं धरून चाललो होतो.”

बोळेबाईंनी विचारलं, कशावरून?

“अहो, उलटं असतं तर सगळं गढूळ डावीकडे पसरलं नसतं का? इकडं उजवीकडे, खालच्या अंगाला गुरं उतरली, म्हणून वरचं सगळं निवळ राहिलं.” मामा स्वतःच्याच बोलण्यानं चकित झाले होते. “म्हणजे ही घाण पुसली असती, तर कळलंच नसतं.”

बोळेबाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आता वरच्या जाळ्यावर थेंब किती आहेत, ते मोजून सांगा.”